बैठक त्यांच्यासाठीही बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘प्रेमविवाहाच्या नोंदणीला आईवडिलांची सही सक्तीची करा’ अशी मागणी करणारं एका वाचकाचं पत्र वाचलं. पळून जाऊन केलेली लग्नं टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. कोणाचं लग्न कसं झालं हे आमच्या रजिस्टरात लिहीत नाहीत, पण गरोदर पोरीसोबत तपासणीला कोण आलं यावरून बहुतेक कळतंच.

आधी सहीचं. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा झाला की कायदा आईबापाची संमती मागत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावतात, हरकतही घेता येते. पण ती वय कमी असल्याची, आधीचा नवरा किंवा बायको असल्याची, अशी. ‘आम्हाला जावई पसंत नाही’ ही हरकत तिथे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०१८ मध्ये सांगितलं आहे की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं की घरच्यांची वा समाजाची संमती लागत नाही.

टिकण्याचं मात्र बोलू. जमवलेल्या लग्नामागे किती माणसं राबतात बघा. मध्यस्थ सोयरीक आणतो, साक्षगंधाला दोन्हीकडचे मामा-काका असतात. पुढे जावई पिऊन आला, सासू टोचून बोलली, की पोरीचा मामा दुसऱ्या दिवशी गाडी काढून हजर. बैठक बसते, जावयाला चारचौघांत ऐकवतात, पोरीलाही ऐकवतात, चहा होतो, संसार पुन्हा सुरू. पहिलं बाळंतपण माहेरी. कापसाला भाव नसला त्या साली सासरा गुपचूप पेरणीला पैसे देतो. असं लग्न टिकलं तर त्याचं श्रेय पत्रिकेपेक्षा मामाच्या गाडीला जास्त. (मोडायला हवं तेही या बैठका कित्येकदा टिकवतात, पण तो विषय वेगळा.)

आता आपल्या मनाने लग्न केलेली पोरगी घ्या. घरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केलेली. भाऊ बाजारात दिसला तर मान फिरवतो. नवराबायकोचं पहिलं मोठं भांडण बहुतेक खोलीच्या भाड्यावरून होतं. तेव्हा तिने फोन कोणाला करायचा? आईने उचललाच तर ‘तूच केलं, तूच निस्तर’. सोनोग्राफीला ती आशाताईसोबत जाते. वर्ष-दोन वर्षांत मोडून परत आली की पारावरचे म्हणतात, ‘सांगत होतो ना!’ टेकू काढून घ्यायचा आणि भिंतच कच्ची होती म्हणायचं.

त्यातही जातीतल्या पोरासोबत गेलेली पोरगी पहिलं लेकरू झालं की दिवाळीला माहेरी दिसू लागते. जातीबाहेरची दिसत नाही. मग राग पळून गेल्याचा होता असं कसं म्हणायचं? जोडप्यातलं एक अनुसूचित जाती-जमातीचं असेल तर आंतरजातीय विवाहाला सरकार ५० हजार रुपये देतं. पण भांडणात धावून येणारा मामा समाजकल्याण विभागाकडून मिळत नाही.

‘घरातून गेली, शेतातला हक्क संपला’ असंही सर्रास सांगतात. साफ खोटं. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित शेतीत मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे, जातीबाहेर लग्न केलं म्हणून तो जात नाही. हक्कसोडीवर सही हवी असली की भावांना तिचा पत्ता बरा सापडतो.

पत्रलेखकांना काही मागायचंच असेल तर ते गावाकडे मागावं. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेत विदर्भातल्या कित्येक समित्यांनी प्रेमी जोडप्यांची लग्नं स्वतः लावून दिली. हार घातले, पेपरात फोटो आले. चांगलंच केलं. पण त्यानंतर समितीतलं कोणी त्या घरी जातं का? ज्या अध्यक्षांनी लग्न लावलं, त्यांनी त्या दोघांचं भांडण झालं की बैठकही बसवावी. आणि त्या बैठकीला पोरीच्या बापाला घेऊन यायची जबाबदारी त्यांचीच धरावी.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
जि. यवतमाळ