काटा बदलण्याआधी टाकी तपासा

महोदय,

माझ्या २५ वर्षे जुन्या मोटारीत टाकी भरलेली असतानाही पेट्रोलचा काटा शून्यावरून हलेना, तेव्हा गॅरेजच्या सल्ल्यावरून मी डॅशबोर्डवरचे मीटरच बदलून घेतले. काटा मात्र जागचा हलला नाही. असा भुर्दंड इतरांना पडू नये, म्हणून हे पत्र.

जुन्या मोटारींच्या टाकीत फ्लोट (पोकळ डबी) तरंगत असतो आणि त्याच्या दांडीला जोडलेली धातूची बारीक पट्टी रोधकावर (विजेला अडवणाऱ्या भागावर) सरकते; या सगळ्या जोडणीला युनिट म्हणतात. रोध बदलला की काटा फिरतो. वर्षानुवर्षे घासून रोधक झिजतो, फ्लोटला चीर पडून आत पेट्रोल शिरते (असा फ्लोट बाहेर काढून कानाशी हलवला, की डुचमळल्याचा आवाज स्पष्ट येतो), किंवा नुसतेच अर्थिंग (युनिटला मोटारीच्या धातूच्या बॉडीशी जोडणारी वायर) गंजते. म्हणून आधी युनिटची वायर सोडवून, इग्निशन चालू ठेवून, ती क्षणभर बॉडीला टेकवावी. काटा एकदम दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर शाबूत असून दोष टाकीकडे आहे. पेट्रोलचा जरासाही वास येत असेल, तर ही चाचणी मुळीच करू नये, आणि युनिट उघडण्यापूर्वी बॅटरी सोडवावीच.

माझ्या मोटारीत अर्थिंगच्या स्क्रूखाली हिरवट गंज चढला होता. पॉलिश पेपरने तो घासून वायर पुन्हा आवळताच काटा हळूहळू वर चढला. मेकॅनिक मंडळींनी मीटर बदलायला सांगण्याआधी ही चाचणी ग्राहकासमोर करून दाखवावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सांगली