सिंहस्थाला येणाऱ्यांना गुरू दाखवू या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या आपल्या अंकात नियमित येतात. रस्ते, घाट, साधुग्राम, वाहनतळ. ज्या ग्रहामुळे हे सगळं घडतं, त्याचं नाव मात्र त्यात क्वचितच असतं, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त शिक्षक आहे. लहानशी दुर्बीण घेऊन कधी सोसायटीच्या गच्चीवर, कधी गंगापूर धरणाच्या बाजूला लोकांना आकाश दाखवतो. नाशिककरांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला: "सर, सिंहस्थ बारा वर्षांनीच का येतो?" गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालायला ११.८६ वर्षं लागतात. साधारण वर्षाला एक रास, म्हणून बाराव्या वर्षी तो पुन्हा सिंह राशीत. पण ही बारा वर्षं पुरती बारा नाहीत. राहिलेली तूट साचत जाते आणि कधीतरी एक अख्खं वर्ष गळतं. हरिद्वारचा कुंभही गुरूच्या राशीवरच ठरतो; तो २०१० नंतर अकराच वर्षांनी, २०२१ मध्ये आला तो त्यामुळेच. हे ऐकलं की आजोबा मंडळी बोटांवर हिशेब मांडायला लागतात. मला ते बघायला फार आवडतं.

मग येतो वक्री गुरू. "ग्रह उलटा कसा चालेल?" तो चालत नाहीच. घोटीच्या रस्त्यावर आपली बस ट्रकला मागे टाकते, तेव्हा लांबच्या डोंगरापुढे तो ट्रक मागे सरकल्यासारखा वाटतो, तसंच हे. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, गुरू १३. साधारण दर तेरा महिन्यांनी आपण त्याला ओलांडतो. या वेळी गुरू ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीस सिंह राशीत जातो, जानेवारीत मागे कर्केत येतो आणि जूनमध्ये पुन्हा सिंहेत, त्यामागे हेच कारण आहे.

तारा आणि ग्रह ओळखायचा कसा, हेही खूप जण विचारतात. तारे लुकलुकतात, गुरूचा प्रकाश स्थिर असतो.

एक गोष्ट मात्र मला अजून कुणी विचारलेली नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, मुख्य स्नानांच्या दिवसांत, गुरू कुठे असेल? पंचांगाच्या भाषेत त्याचा अस्त झालेला असेल. त्या दिवसांत सूर्यही त्याच दिशेला असतो, त्यामुळे गुरू त्याच्या उजेडात बुडून जातो. त्यात पावसाळा. लाखो लोक गुरूच्या निमित्ताने गोदावरीत उतरतील आणि गुरू कुणालाच दिसणार नाही.

तो उत्तम दिसेल फेब्रुवारी २०२७ मध्ये. सूर्य मावळला की पूर्वेला उगवेल आणि रात्रभर आकाशात राहील, मघा या ठळक ताऱ्याच्या जवळ. तेव्हा त्याचा प्रकाश साधारण ३६ मिनिटांत आपल्यापर्यंत पोचेल. साध्या दुर्बिणीतूनही त्याचे चार चंद्र दिसतात, गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले तेच. मागे पेठ तालुक्यातल्या एक आजी दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हा तर लेकरं घेऊन बसलाय."

सिंहस्थाचं नियोजन करणाऱ्यांना माझी विनंती आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण तर ऑक्टोबर २०२६ मध्येच, फेब्रुवारीतही भाविकांची ये-जा असेल. त्या महिन्यात संध्याकाळी रामकुंडाजवळ पाच-सहा दुर्बिणी मांडाव्यात आणि शेजारी समजावून सांगणारं माणूस उभं करावं. आपल्या भूगोल-विज्ञानाच्या शिक्षकांना आणि महाविद्यालयातल्या मुलांना हे सहज जमेल. गुरू इतका तेजस्वी असतो की घाटावरचे दिवे बंद करायचीही गरज नाही. माझी दुर्बीण मी घेऊन येईन.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक