धूपदाळच्या मोजणीविषयी

हेल्गोलँड, जर्मनी

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद. आबांना आणि काकूंना नमस्कार सांग.

घटप्रभेवरच्या धूपदाळ बंधाऱ्यावर हिवाळ्यात येणारे कांड्या करकोचे मोजणार आहेस हे चांगलं. पण आकड्याशेजारी तो कसा मिळाला तेही लिही. इथलं पक्षी केंद्र 1910 सालचं. त्याच्या वह्यांना किंमत आहे ती याच शिस्तीमुळे.

इथे झुडपांवर तारेच्या जाळीचं भलंमोठं नरसाळं उभारलेलं असतं. रुंद तोंडातून पक्षी हलकेच पुढे हाकले की उजेडाकडे धावत शेवटच्या पेटीत शिरतात. मग पायात ॲल्युमिनियमचं नंबरी कडं. त्याची टोकं अगदी जुळावी लागतात. एकावर एक चढली तर पाय जखमी होतो. पुढे पंखाची लांबी, वजन, वय, आणि पिसं फुंकून गळ्याखालच्या खळग्यातली चरबी. जुन्या पक्ष्यांच्या मानाने यंदाची पिल्लं किती, त्यावरून वीण कशी झाली ते समजतं. लहान पक्ष्यांत कडं घातलेला पक्षी पुढे कुठे सापडून कळवला जातो तो शंभरात एकही नाही, म्हणून कडी हजारोंनी घालायची.

फसगत हवामानात आहे. स्थलांतराच्या वाटेत रात्री धुकं-पाऊस लागला की थवे या बेटावर उतरतात, निरभ्र रात्री वरच्यावर निघून जातात. जास्त सापडले म्हणजे वाढले, असं नाही. झुडपं माजली तरी पकड बदलते, म्हणून ती छाटून तेवढीच ठेवतात.

तुझ्याकडे हेच पाणी करतं. बंधारा तुडुंब असला की वाळूचे पट्टे बुडतात आणि करकोचे दुसरीकडे मुक्काम करतात. तेव्हा एखादा दगड धरून पाण्याची पातळी दरवेळी टिपून ठेव. नोव्हेंबर ते मार्च, आठवड्याचा ठरलेला वार, एकच जागा. थवे शेतांकडे निघायच्या आत, फटफटताना पोच. दहा-दहाच्या गटाने मोज. घिरटी घेऊन परत बसलेला थवा दोनदा धरू नकोस. दोघं असाल तर आकडे शेवटीच एकमेकांना सांगा, नाहीतर दुसरा पहिल्याकडे झुकतो. एकही दिसला नाही तर शून्य लिही. कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे.

जाळी लावायच्या भानगडीत पडू नकोस. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. कडं दिसलं तर फोटो काढून अंक मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळव.

निपाणीकडच्या शाळूत भोरड्या (गुलाबी मैना) कधी उतरल्या ते मामांना विचार. शेवटचा थवा कधी दिसला तेही. ती तारीख सहसा कोणी लिहीत नाही.

तुझा,
दादा