अ‍ॅबर्डीनच्या काकांना, मनापासून

प्रिय काका,
सा. न.

तुमचे फोनवर आभार मानले असते तर "असू दे गं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. इथे नव्याने घर घेतलेल्या आपल्या मंडळींनीही ते वाचावं.

गेल्या महिन्यात पहाटे हॉलमध्ये सोफ्यामागची एक्स्टेन्शन धुमसायला लागली. ज्वाळा नाही, नुसता धूर. आम्ही वरच्या मजल्यावर दारं लावून झोपलेलो. तुम्ही घरातले आगीची सूचना देणारे सगळे अलार्म एकमेकांना जोडून दिले होते, म्हणून हॉलमधल्याला धूर लागताच जिन्यावरचाही कोकलला. हॉलचं दार न उघडता आम्ही सगळे बाहेर पडलो आणि ९९९ला फोन केला. सोफा गेला, भिंत काळी झाली. बाकी सगळं शाबूत आहे.

स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराला हा नियम आहे: बैठकीच्या खोलीत एक, प्रत्येक मजल्यावरच्या पॅसेजमध्ये किंवा जिन्यापाशी एक, असे धुराचे अलार्म, स्वयंपाकघरात उष्णतेचा, आणि सगळे जोडलेले. नियम इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. पण स्वयंपाकघरात धुराचा अलार्म का नको, हे तुम्ही आमच्या ओट्यापाशी उभं राहून समजावलंत. मिरचीच्या ठसक्याने तो रोज बोंबलेल, आणि रोज बोंबलणारा अलार्म माणसं आठवड्याभरात काढून ड्रॉवरमध्ये टाकतात. उष्णतेचा अलार्म फोडणीला दाद देत नाही. तो वाजला तर खरंच काहीतरी पेटलंय. टेपने भिंतीपासून आणि दिव्यापासून ३० सेंटीमीटर मोजूनच तुम्ही छताला खूण केलीत, कारण कोपऱ्यात धूर उशिरा पोचतो.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते स्टुलावरून उतरल्यानंतरच्या तासाभरासाठी. सांगलीहून आलेल्या आईला तुम्ही हाताला धरून अलार्मच्या चाचणीच्या बटणाखाली उभं केलंत आणि तिलाच ते दाबायला लावलंत. घरभर एकदम आवाज झाला तशी ती दचकली, मग हसली. "उदबत्ती लावायची की नाही मग?" तिचा पहिला प्रश्न. "खुशाल लावा वहिनी, फक्त याच्या बरोब्बर खाली नको." देवघर तुम्हीच दुसऱ्या भिंतीशी सरकवून दिलंत.

मुलाबद्दल तुम्ही जे बोललात ते ऐकून मला तेव्हा धस्स झालं होतं. अलार्म वाजूनही लहान मुलं बहुतेकदा झोपेतून उठत नाहीत, असं डंडी विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलंय. "त्याला कोण उचलणार, ते आज ठरवा," म्हणालात. आम्ही ठरवलं होतं. त्या पहाटे हे थेट त्याच्या खोलीकडे गेले आणि मी आईकडे. तो बाहेरच्या थंडीत यांच्या खांद्यावर जागा झाला.

देखभालही तुम्ही आमच्या अंगवळणी पाडलीत. महिन्यातून एकदा बटण दाबायचं. व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने भोवतीची धूळ काढायची, कारण आत कोळी शिरला तरी अलार्म उगाच वाजतो. रंगकामात झाकला तर काम संपताच मोकळा करायचा, त्याच्यावर रंगाचा हात फिरवायचा नाही. बॅटरी सीलबंद असली तरी दहा वर्षांनी अख्खा अलार्मच बदलायचा. ती तारीख तुम्ही मार्करने कडेवर ठळक लिहून ठेवलीत, खालून वाचता येईल अशी.

हॉलमधला अलार्म काजळलाय. बाकीच्यांशी जुळावा म्हणून त्याच कंपनीचा नवा मागवलाय, शनिवारी येईल. रविवारी काकूंना घेऊन जेवायलाच या. जोडणी तुमच्या देखरेखीखाली, पण या वेळी स्टुलावर मी चढणार.

तुमची,
वरच्या गल्लीतली सूनबाई