मोटर ऑटोवर ठेवणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सभासदांना रामराम.

पाण्याची पाळी संपल्यावर मोटर ऑटोवर (लाइट आली की आपोआप सुरू होईल अशी) ठेवून घरी जाऊ नये. परवा रात्री दीडला लाइट आली, मोटर आपोआप सुरू झाली आणि उजाडेपर्यंत उसाच्या सऱ्या भरून पाणी ओढ्याला लागलं. खालच्या शेजाऱ्याच्या रानात अजून पाय रुततोय. नाव घेत नाही, ज्याचं त्याला ठाऊक आहे.

कृष्णाकाठच्या कसदार जमिनी अशाच जादा पाण्याने क्षारपड झाल्या. पाण्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जातं आणि सरीच्या माथ्यावर पांढरा थर उरतो. आपल्या पट्ट्यात तो दिसायला लागलाय.

मोबाइल स्टार्टरवाल्यांनी (फोनवरून मोटर चालू-बंद करणाऱ्यांनी) टायमर लावावा. ठिबकला पाटपाण्यापेक्षा साधारण 40 टक्के पाणी कमी लागतं, पण वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं) बघून चालवलं तर. दिवसभर ठिबक सोडून गावात बसणारेही आहेत आपल्यात!

ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर पेटवू नयेत. गुंडाळून शनिवारी सकाळी 8 ते 10 पंपहाऊसवर आणाव्यात, भंगारवाला वजनावर घेणार आहे. माती झटकून आणा, तो मातीचं वजन कापतो.

– सचिव, पाणीपुरवठा संस्था (ता. वाळवा, जि. सांगली)