डोंगरावरचे देशी रान राखण्यासाठी सर्व ग्रामस्थ व परगावच्या बांधवांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गावच्या डोंगरावरचे रान राखणाऱ्या आपल्या मंडळाची आणि त्याच्या कामाची ओळख आपणांस नव्याने करून देण्याचे कारण नाही. ग्रामसभेच्या ठरावाने गायरानाच्या डोंगरउतारावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागू झाली, तेव्हा तेथे काय उरले होते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आजचे रान पाहून समाधान वाटल्याशिवाय राहणार नाही. पळस, हिवर, आपटा, बोर आणि मेडशिंग ही झाडे बहुतांशी कोणी लावलेली नाहीत. तोडलेल्या जुन्या खोडांना राखण मिळताच ती आपापल्या मुळांवर पुन्हा फुटली. माथ्यावर मारवेल आणि पवन्या ही गवते परतली आहेत.

या कामाचा आदर्श आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर रान उभे राहावे, यासाठी वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी आयुष्य वेचले. १९८५ साली त्या डोंगरांचे अभयारण्य झाले आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचे ते क्षेत्र मानवनिर्मित अभयारण्य म्हणून आज सर्वदूर ओळखले जाते. पर्जन्यछायेतील खानापूर-कडेगाव भागातही चिकाटी असेल तर रान परत येते, हा विश्वास आम्हाला तेथूनच मिळाला.

आजवर ज्यांनी हात दिला, त्यांचे ऋण येथे नमूद केलेच पाहिजे. गलाई म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पांगलेल्या आपल्या बांधवांनी, गावच्या यात्रेला येता येवो न येवो, डोंगराच्या राखणदाराचा पगार कधी अडू दिला नाही. निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी अजूनही उन्हाळ्यात शाळेच्या मुलांना घेऊन पळस, खैर आणि बेलाचे बी गोळा करतात. धावड्याचे बी फारच कमी उगवते, हे ठाऊक असूनही ते दरवर्षी नेटाने पेरतात. मेंढपाळ कुटुंबांचा उल्लेख तर सर्वांआधी व्हायला हवा होता. गवताचे बी पडेपर्यंत कळप बंद क्षेत्राबाहेर ठेवण्याचा शब्द त्यांनी स्वतःची गैरसोय सोसून पाळला आहे. चर खोदणारे तरुण मंडळ, आणि वणव्याच्या रात्री पाण्याचा टँकर घेऊन धावणारे वरच्या आळीतील आमचे सभासद, या सर्वांचे मंडळ ऋणी आहे.

मात्र एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. वृक्षारोपणाच्या दिवशी डोंगरावर उभे राहायला जागा नसते. पण मागील उन्हाळ्यात वणवा लागला, त्याचा उजेड साऱ्या गावाला दिसत असताना आग झोडपून विझवण्यासाठी झोडपे घेऊन वर आलेली माणसे मोजकीच होती. देणगीसाठी पाठवलेल्या पत्रांपैकी अनेकांना साधे उत्तरही आले नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याने शिवार हिरवे झाले, हे आपल्या सर्वांचे भाग्य आहे. परंतु त्यामुळे डोंगराची गरज संपली, असे कोणी समजू नये.

या वर्षी रोपे नकोत, राखण हवी आहे, हे आम्ही आग्रहाने सांगतो. घाणेरी (लँटाना) या परदेशी झुडपाने पूर्वेकडील उतार व्यापला आहे. ती वरून छाटली किंवा जाळली तर बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटते. म्हणून जेथून फुटवे येतात त्याच्या खाली मूळ तोडून, झुडूप उलटे टाकून वाळवावे लागते. तिची फळे पक्षी खातात आणि बी दूरवर पडते, त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत देशी गवताचे बी पेरून पुढील काही पावसाळे नवी रोपे उपटत राहावे लागते. हे काम यंत्राने होत नाही, त्याला माहीतगार मजूर लागतात. पूर्वी चांगल्या हेतूने लावलेले गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही परदेशी झाडेही आम्ही टप्प्याटप्प्यानेच कमी करणार आहोत, कारण उतार एकदम उघडा पडला तर माती वाहून जाईल. वाढदिवसानिमित्त गुलमोहराची किंवा निलगिरीची रोपे देणाऱ्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. तथापि माळावर दाट झाडी केली तर सावलीने गवत मरते आणि उघड्या माळावर अंडी घालणारी माळटिटवी व चंडोल ती जागा सोडून जातात. आपला माळ हा झाडांवाचून ओस पडलेला तुकडा नसून ते स्वतःच एक पूर्ण रान आहे, असे आमचे ठाम मत आहे.

सर्वांत तातडीचे काम जाळपट्ट्यांचे, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यांचे आहे. जाळल्याने गवत चांगले येते, हा समज अजून गेलेला नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडी लागलेली आग कोवळी रोपे व जमिनीवरील घरटी एकाच वेळी नष्ट करते. गवत आता पूर्ण वाळले आहे. कडेचे गवत कापून पट्टे मोकळे करण्याचे काम पौष संपण्यापूर्वी झाले नाही, तर नंतर पैसे येऊनही उपयोग होणार नाही. कापलेले गवत नेहमीप्रमाणे जनावरे असणाऱ्यांना देण्यात येईल.

देणगी ५०० रुपयांपासून पुढे यथाशक्ती स्वीकारली जाईल, पावती दिली जाईल. खात्याचा तपशील मंडळाच्या फलकावर आहे, परगावच्या बांधवांनी खजिनदारांकडे विचारावा. मजुरी, राखणदाराचा पगार व हत्यारे यांखेरीज अन्यत्र खर्च होणार नाही; हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. कोयते, कुदळी, पाण्याचे कॅन व जेवणाचा शिधाही चालेल. श्रमदान दर रविवारी सकाळी सात वाजता, पाझर तलावाजवळून. पूर्ण बाह्यांचे कपडे व पायांत बूट असावेत, लहान मुलांना घाणेरीच्या कामावर आणू नये. वणवा दिसताच राखणदारास व वनविभागास कळवावे.

आपला नम्र,
सचिव
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)