आधी लागलं का, हे विचारायला हवं होतं

चि. बाई,

अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "बाबा, गाडी घसरली." आणि मी विचारलं, "किती स्पीडमध्ये होतीस?" लागलं का, कुठे आहेस, सोबत कोणी आहे का, हे सगळं त्यानंतर. तू जरा वेळ गप्प राहिलीस, मग म्हणालीस, "चाळीस असेल." तुझं ते गप्प राहणं दोन रात्री माझ्या डोक्यातून जात नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

काल मी त्या वळणावर जाऊन आलो. कडेच्या वावरात मळणीयंत्र अजून उभं होतं. सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, अर्ध्या डांबरावर पसरलेलं. बोटांनी बाजूला सारलं तर खाली दाणे, कोरडे, छर्र्यांसारखे गोल. त्यावर चपलेचा पाय ठेवला तर माझाच पाय सटकला. तिथून दहा पावलांवर टपरी आहे, चार जण चहा घेत बसले होते. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. विचारलं, काल इथं कोणी पडलं का? एक जण म्हणाला, "एक पोट्टी पडली. जोरात असन. आजकालच्या पोट्ट्याइले दम कुठं हाय." दुसरा म्हणाला, "गिअरची गाडी पोरीच्या हाती देली का असंच होते." कुटार त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. चौघांपैकी एकानेही त्याकडे बोट दाखवलं नाही. मला राग आला, पण फोनवर मीही तेच बोललो होतो.

गिअरची गाडी तू का घेतलीस, ते मला माहीत आहे. पोडावर, त्या आदिवासी वस्तीवर, लसीकरणाला जायचं तर पावसाळ्यात काळ्या मातीत स्कूटीची लहान चाकं रुततात. हे टपरीवर सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

तुला एक गोष्ट आजवर सांगितली नाही. तू तिसरीत असशील तेव्हा. कापसाच्या गाठी भरून मी निघालो होतो आणि एका फाट्यावर उजवीकडे वळत होतो. ट्रकच्या काचेच्या कडेला खांब असतो. दिसायला वीतभरही नाही, पण ड्रायव्हरच्या डोळ्याजवळ असल्यामुळे त्याच्याआड अख्खी मोटरसायकल मावते. ट्रक वळत असताना समोरची गाडीही पुढे येत असली, तर कधी कधी ती त्या खांबाआडूनच सरकत राहते. मी पाहिलं, रस्ता रिकामा दिसला, ट्रक वळवला. आणि खांबाआडून दूधवाला निघाला. मी ब्रेक दाबला, त्याने गाडी आडवी टाकली. दोन्ही कॅन उलटले, दूध डांबरावरून वाहत नालीत गेलं. मी केबिनमधून ओरडलो, "मरायचं हाय का?" तो उठला, कोपर सोललेलं होतं, आणि हात जोडून म्हणाला, "चुकलं मालक." चूक माझी होती. तो आपल्या बाजूने, सरळ येत होता. मी काहीच बोललो नाही. गाडी काढली आणि निघून आलो.

ट्रक ड्रायव्हर म्हटला की दारुडा, असं लोकांनी मला आयुष्यभर धरलं. भाड्याची खोली नाकारली, लग्नकार्यात वेगळ्या नजरेने पाहिलं. त्याचं मला किती वाईट वाटायचं, तुझ्या आईला विचार. आणि मोटरसायकलवाल्यांना मीही तसंच धरत होतो. ट्रिपल सीट, दारू पिऊन, एका हातात मोबाईल धरून जाणारे पोट्टे मी रोज पाहिले, ते खोटं नाही. पण त्यांच्यामुळे दूधवाला दिसेनासा झाला.

तुझ्या भावाने मला एका जुन्या अहवालातलं वाचून दाखवलं. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिस भागातले नऊशे अपघात जागेवर जाऊन तपासले, १९८१ साली अहवाल निघाला. मोटरसायकल आणि दुसऱ्या गाडीच्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांशांत समोरच्याने मोटरसायकलवाल्याची वाट अडवली होती. कारण बहुतेक एकच, दिसलाच नाही. पण गाडी एकटीच पडली अशा अपघातांत मात्र बहुतेक वेळा चालवणाऱ्याचीच चूक निघाली. आणि पडणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोक गाडी आपली आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते.

तिथे मी भावाला थांबवलं. तुला पांदणीत गाडी मी शिकवली. आणि शिकवताना दहादा सांगितलं, पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील. ते चुकीचं होतं, बाई. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं जास्त काम तेच चाक करतं. नुसता मागचा दाबला तर मागचं चाक लॉक होऊन फेकलं जातं. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा हळूहळू वाढवत. झटका द्यायचा नाही. तुझी गाडी १२५ सीसीची आहे, तिला जोडब्रेक आहे, पायाने दाबला तरी पुढच्यालाही थोडा लागतो. तरी हाताची सवय कर. रविवारी रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगाने पुन्हा पुन्हा थांबवून पाहा.

कुटारावर मात्र यातलं काही चालत नाही. तिथे ब्रेक नाही, गाडी कलवायची नाही, एक्सलेटर सोडून सरळ निघायचं. म्हणजे वेग वळणाच्या आधीच कमी झालेला हवा. चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. कुटार दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढी जागा संपलेली असते. आपल्याकडे दसऱ्यापासून सोयाबीन, पुढे कापसाच्या ट्रॉल्या, मग तूर. संध्याकाळी बिनदिव्याच्या बैलगाड्या घरी परततात, रोही, म्हणजे नीलगाई, आडवे येतात. एक रोही गेला की थांब, मागे आणखी असतात.

दिवसा गावातले लोक तुला हाताची मूठ उघडझाप करून दाखवतात ना, लाईट चालू आहे म्हणून? त्यांना फक्त मान हलव. २०१७ पासून नव्या गाड्यांचा दिवा चालूच राहतो, तो मुद्दाम तसा आहे. मला आरशात मोटरसायकल दिसायची ती त्या दिव्यामुळेच. आणि ट्रकच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्याला तू दिसत नाहीस असं समज. मागे राहा, किंवा बाजूला थांबून त्याला जाऊ दे.

तुझं हेल्मेट पाहिलं. डाव्या कानाच्या वर खरवडलं आहे. पट्टा लावलेला होता म्हणून ते डोक्यावर राहिलं. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर लोक दुचाकीवर गेले, त्यातले चौदा हजार मागे बसलेले होते. पोडावरून एखाद्या बाईला दवाखान्यात आणताना तिच्यासाठी दुसरं हेल्मेट लागेल, तेही मी घेतो.

तुझं जुनं आता वापरू नको. आतलं थर्माकोल एकदा दबलं की पुन्हा फुगत नाही. वरून चांगलं दिसतं, पण दुसऱ्यांदा कामाचं नाही. आयएसआय शिक्का आणि त्याच्या वर ४१५१ हा आकडा पाहून नवं आणतो. तोवर एसटीने जा.

शिंपीकाकूंकडून टेप घे, भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर मोज आणि मला सेंटीमीटरमध्ये कळव. केस मोकळे सोडून नाही, रोज बांधतेस तसे बांधून मोज. मी गुरुवारच्या बाजाराला येतो आहे.

तुझे,
बाबा